एकही चूक नसलेली साइट

माजलगावात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं रेडियमचं दुकान आहे. गाड्यांच्या नंबरप्लेटा, दुकानांचे बोर्ड, नवरदेवाच्या गाडीवर चिकटवायची नावं, असलं सगळं मी करतो. माझ्या भिंतीला लागूनच रामप्रसादचा गाळा आहे. तो वेबसाइटी बनवून देतो. त्यानं आपल्या कामाची पाटी माझ्याकडून करून घेतली तेव्हा मला वाटलं होतं, या गल्लीत वेबसाइट कोण विचारतंय, हा थोड्याच दिवसांत मोबाइल रिचार्जवर येणार. आला नाही. मंगल कार्यालयवाले, क्लासवाले, खत-बियाणांचे दुकानदार एकेक करत त्याच्याकडं यायला लागले आणि गडी टिकला.

त्याच्याबद्दल आधी एक सांगायला पाहिजे. तो फार नीटनेटका माणूस आहे. इतका, की कधीकधी राग येतो. चहाचा ग्लास टेबलावर ठेवायचा तर खाली कागद. वायरी सगळ्या एकत्र बांधून भिंतीकडेला. मी लावलेली पाटी एका बाजूनं दोन सूत खाली आहे म्हणून भर उन्हात मला परत शिडीवर चढवलं. मी म्हटलं, "अबे, रस्त्यावरून जाणारा माणूस काय पट्टी घेऊन फिरतो का?" तर म्हणाला, "कुणी बघू दे न्हाई तर नको बघू दे, मला माहीत हाय ना ती वाकडी हाय." असल्या माणसाशी काय वाद घालणार? पाटी सरळ केली.

हा गुण त्याच्यात आईकडून आला. भिवराबाई केज तालुक्यातल्या. नवरा-बायको वर्षानुवर्षं ऊस तोडायला जायचे आणि रामप्रसाद लहानपणी कारखान्याच्या माळावर कोपीत, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपडीत, वाढला. आईच्या मोळीत पाचटाचं एक पान सापडायचं नाही, असं तो मोठ्या अभिमानानं सांगतो. मुकादम दुसऱ्या बायकांना म्हणे भिवराबाईची मोळी नेऊन दाखवायचा. भिवराबाई अजून लेकाकडं आल्या की गाळ्यात बसून तेच सांगतात, "काम निर्मळ असलं की कुणाची बोलायची टाप न्हाई." हे वाक्य ऐकत रामप्रसाद वाढला, वसतिगृहात राहून शिकला, आणि कॉम्प्युटरवर आला तेव्हाही ते त्याच्याबरोबर आलं. चांगलं काम आपोआप वर येतं, यावर त्याचा मनापासून विश्वास होता. मलाही ते पटायचं.

सुग्रीव त्याला आठवडी बाजारात भेटला. सुग्रीव तलवाड्याचा. मेंढ्या राखणारं घर, थोडी कोरडवाहू जमीन, आणि घरात घोंगडी विणायचा माग. जमिनीत खड्डा करून त्यात पाय सोडून बसायचं आणि विणायचं, तसला माग. रामप्रसादनं आईसाठी एक घोंगडी घेतली. घेताना उलटून पालटून बघितली, काठ बघितले, आणि असं काम केलेला माणूस बाजारात फाटक्या पोत्यावर का बसलाय हे त्याला कळेना. विचारलं तेव्हा सुग्रीव म्हणाला, "इकायला दुसरी जागा कुठंय भाऊ? जत्रा नाही तर बाजार. दसरा झाला की माग बंद. मी आन् मालकीण उसाला जातो. लेकरं संग असत्यात."

लेकरं संग म्हणजे काय, हे रामप्रसादला कुणी सांगायची गरज नव्हती. सुग्रीवची मोठी मुलगी करिष्मा दर वर्षी अर्ध्यातून शाळा सोडून जायची आणि उन्हाळ्यात परत आली की पुढचं काही समजायचं नाही म्हणून मागच्या बाकावर बसायची. धाकटा मुलगा तर अजून अंगणवाडीतला. रामप्रसाद बाजारातून परत आला तो माझ्याकडंच आला आणि म्हणाला, "शिवशंकरभाऊ, या माणसाची साइट मी फुकट करणार. ह्याचं घोंगडं घरबसल्या इकलं गेलं तर ह्याला उसाला जायचं काम न्हाई." मी म्हटलं कर बाबा. मनात म्हटलं, तेवढंच पुण्य.

पहिली साइट त्यानं घाईत केली. त्याच्याच शब्दांत सांगायचं तर इकडून तिकडून उचलून जोडलेली गोधडी. सुग्रीवच्या बायकोनं, योगितानं, स्वतःच्या मोबाइलवर काढलेले फोटो होते. आणि तिनंच काढलेला एक व्हिडिओ होता, सुग्रीवच्या आईचा, कडूबाईंचा. कडूबाई मागाशेजारी बसून बोलतायत. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून खळ कशी करायची आणि ती कुंच्यानं धाग्यांना कशी लावायची, ते दाखवतायत. मध्येच घोंगडीच्या कडेचा एक धागा तोडून काडीनं पेटवतात आणि सांगतात, "बगा, केस जळल्यावानी वास आला आन् बोटात धरल्यावर भुगा झाला, तर ती लोकर. गोळी झाली तर त्यो पिलास्टिक. मंग दुकानदाराला म्हणावं ठिव तुझं तुला." मागून कोंबडं ओरडतंय, योगिताचं हसू ऐकू येतंय. घोंगडी धुवायची कधी, उन्हात टाकायची कशी, घडीत कडुनिंबाचा पाला का घालायचा, सगळं त्या बोलत राहतात. खाली लोकांना लिहायला जागा होती.

आणि लोकांनी लिहिलं. कुणाच्या आजोबांच्या खांद्यावर असलीच घोंगडी असायची, कुणाला कंबरेला बरं वाटतं, कुणी विचारलं आमच्या जुन्या घोंगडीला कसर लागलीय, काय करू? सुग्रीव तोंडी सांगायचा आणि योगिता मोबाइलवरून उत्तर टाकायची. गुगलवर घोंगडी टाकलं की ही साइट पहिल्या पानावर यायला लागली. सगळ्यात वर नाही, पण बघणाऱ्याच्या नजरेत भरेल अशी. फोन नंबर साइटवर रामप्रसादचाच होता, कारण तलवाड्यात मेंढ्यांमागं गेल्यावर सुग्रीवला रेंज मिळायची नाही. त्यामुळं फोन माझ्या कानावर पडायचे. बहुतेकांचं पहिलं वाक्य तेच असायचं, "त्या आजी आहेत ना, त्यांच्याकडची घोंगडी पाहिजे."

त्या वर्षी दसऱ्याला मुकादम आला आणि सुग्रीवनं त्याला चहा पाजून परत पाठवला. आयुष्यात पहिल्यांदा. करिष्मा पूर्ण वर्ष शाळेत बसली. परीक्षा झाल्यावर सुग्रीव तिला घेऊन गाळ्यात आला होता. पोरगी नव्या चपला घालून दारात उभी होती आणि रामप्रसाद तिला आत बोलावून खुर्चीवर बसवत होता. मला तो दिवस आठवला की अजून बरं वाटतं, आणि मग लगेच वाईट वाटतं.

कारण त्यानंतर रामप्रसादला सगळ्यात वरचा नंबर पाहिजे झाला. वर एका शहरातल्या मोठ्या दुकानाची साइट होती. तिच्या वर जायचं म्हणून तो वाचायला लागला, व्हिडिओ बघायला लागला. कुणीतरी कुठंतरी ठोकून सांगितलेलं होतं की साइट आतून नियमाप्रमाणं लिहिलेली असेल तरच सर्चमध्ये वर येते. आता वेबसाइट आतून कशी लिहावी याचे नियम असतात, आणि ते पाळलेत का हे तपासणारी एक साइटही असते. आपला पत्ता टाकायचा, की ती आपल्या चुका लाल करून दाखवते. रामप्रसादनं सुग्रीवच्या साइटचा पत्ता टाकला. अख्खा पडदा लाल झाला.

मी शेजारून बघत होतो. त्याचा चेहरा असा झाला, जसं काही आईच्या मोळीत कुणी पाचट दाखवलं. "भाऊ, ही घाण घेऊन आपण कुठवर जाणार?" असं म्हणाला आणि कामाला लागला. मंगल कार्यालयं आणि क्लासवाले बाजूला पडले. एकेक लाल ओळ शोधून तो दुरुस्त करायचा. मान वाकडी करून बसलेला बघून मी चहा पुढं सरकवायचो, तो गार व्हायचा. त्याला त्यात आनंद होता, हेही खरं आहे. एक ओळ गेली की माझ्याकडं बघून मान हलवायचा.

पण दोन ठिकाणचं लाल काही हटेना. एक, खालचं लोकांचं लिहिणं. लोक मोबाइलवरून कुठून कुठून उचलून काहीबाही चिकटवायचे, आज साफ केलं की उद्या परत लाल. दुसरं, कडूबाईंचा व्हिडिओ. तो साइटवर बसवायचा कोड त्यानं घाईत कुठूनसा उतरवून घेतला होता, आणि एक नीट केलं की त्यातून दुसरं निघायचं. एका दुपारी वैतागून त्यानं लिहायची जागा बंद केली आणि जुनं सगळं काढून टाकलं. मग व्हिडिओही काढला. "मागाहून नीट करून बसवू," म्हणाला. आणि माणूस नीटनेटका, त्यामुळं जिथं तो व्हिडिओ चढवला होता तिथूनही पुसून टाकला. नको असलेलं काही मागं ठेवायची त्याला सवयच नाही.

तपासणारी साइट त्या दिवशी हिरवी झाली. एकही चूक नाही. रामप्रसादनं गल्लीत पेढे वाटले. रसवंतीवाल्यानं पेढा तोंडात टाकत विचारलं, पोरगा झाला का? रामप्रसाद हसला आणि म्हणाला, तसंच समजा.

पुढच्या बाजारच्या दिवशी सुग्रीव आला तेव्हा त्यानं मोबाइलवर साइट बघितली. चकचकीत झाली होती. चार फोटो, एका रांगेत, सारख्या मापाचे. खाली नंबर. सुग्रीवनं वरखाली करून बघितलं आणि विचारलं, "आईचं बोलणं कावून काढलं भाऊ?"

"त्याच्यात चुका येत होत्या सुग्रीवभाऊ. त्या चुकांपायी आपण खाली राहत होतो."

सुग्रीवनं मान हलवली. शिकलेल्या माणसानं सांगितलंय म्हणजे तसंच असणार, अशी ती मान होती. तो घोंगड्या खांद्यावर टाकून गेला आणि घरी जाऊन त्यानं आईला जसंच्या तसं सांगितलं असणार.

फोन एकदम बंद झाले नाहीत. विरळ झाले. साइट पहिल्या पानाच्या तळाशी गेली, मग पुढच्या पानावर, आणि मग ती कुठं आहे हे बघायला बोट दुखायला लागलं. रामप्रसाद म्हणायचा वेळ लागतो, गुगलला नवीन कळायला वेळ लागतो. मी मान डोलवायचो. एवढी निर्मळ साइट वर येणार नाही तर कोणती येणार? आमच्या दोघांच्याही डोक्यात दुसरं काही आलंच नाही. तो मग हिरवं झालेलंच परत परत तपासून बघायचा. मला आता त्याची कीव येते, पण तेव्हा मी त्याचं कौतुक करत होतो.

दसरा जवळ आला. सुग्रीव गाळ्यात येऊन स्टुलावर बसला. "मुकादम दारात येऊन बसतोय भाऊ. होकार देऊ का न्हाई? तुमी सांगा."

रामप्रसाद म्हणाला, "थोडं थांबा. आता आपल्यात एकबी चूक न्हाई. दिवाळीपर्यंत वर येतोच आपण."

सुग्रीव थांबला. गावातले ट्रक भरून गेले, तरी थांबला. दिवाळीत एक फोन आला, तोही पत्ता चुकलेल्या कुरियरवाल्याचा. दिवाळी उरकली आणि कर्नाटकात जाणाऱ्या शेवटच्या गाडीत सुग्रीव आणि योगिता चढले. तोवर चांगल्या कारखान्यांच्या टोळ्या भरून गेल्या होत्या, मिळाली ती लांबची आणि नवख्या मुकादमाची. धाकट्याला कोपीवर सांभाळायला कुणी पाहिजे म्हणून करिष्मालाही नेलं. माझ्याकडून तिनं शाळेच्या दप्तरावर रेडियमचं नाव लावून घेतलं होतं. दप्तर तलवाड्यातच राहिलं.

त्यानंतर एक दिवस दुपारी, जेवणाच्या वेळी, रामप्रसादनं सहज त्या वरच्या नंबरच्या मोठ्या दुकानाचा पत्ता तपासणीत टाकला. इतके दिवस त्याला हे सुचलंच नव्हतं. आपल्याच चुका बघण्यात तो इतका गुंतलेला. पडदा लाल झाला. पहिल्या वेळी सुग्रीवची साइट झाली होती त्याहून जास्त लाल. रामप्रसाद हसला. मग दुसऱ्या नंबरची टाकली, तिसऱ्याची टाकली. सगळ्या लाल. तेव्हा त्याचं हसू गेलं. मग त्यानं गुगलवाल्यांचं स्वतःचंच सांगणं शोधून वाचलं, जे आधी वाचायला पाहिजे होतं. पान धड उघडत नसेल, मोबाइलवर वाचता येत नसेल तर गोष्ट वेगळी. पण ते आतून नियमाला धरून किती शुद्ध लिहिलंय, त्याचे वरच्या नंबरासाठी काही गुण नसतात. लोक जे शोधत येतात ते पानावर आहे का, हे बघितलं जातं.

डबा उघडा तसाच होता. तो माझ्याकडं वळून म्हणाला, "भाऊ, लोक काय शोधत येत होते?"

फोन दोघांनीही ऐकले होते.

व्हिडिओ परत मिळतो का म्हणून त्यानं खूप खटपट केली. त्यानंच पुसलेला, तिथं काही उरलं नव्हतं. योगिताचा तो मोबाइल कर्नाटकात जायच्या आधीच दगडावर पडून फुटला होता. मग एका रविवारी माझ्या मोटरसायकलवर आम्ही दोघं तलवाड्याला गेलो. त्याच्या खिशात नवा चार्ज केलेला मोबाइल होता आणि रस्ताभर तो मला सांगत होता, आजी परत तेच बोलतील, आपण चांगलं रेकॉर्ड करू, खाली लोकांना लिहू देऊ, लाल होऊ दे किती व्हायचं ते. सुग्रीव उन्हाळ्यात परत येईल तेव्हा फोन सुरू झालेले असतील. समोरून उसाचे ट्रॅक्टर येत होते आणि त्याला मोठ्यानं बोलावं लागत होतं.

कडूबाई दारात मेंढीच्या कोकराला बाटलीनं दूध पाजत बसल्या होत्या. आम्हाला बघून उठल्या, पाणी दिलं. आत बघितलं तर मागाची जागा सपाट होती. लाकडं बांधून आढ्याला टांगलेली. खड्डा मातीनं बुजवून वरून सारवलेला.

"सुग्रीवनं बुजवला," त्या म्हणाल्या. "म्हणला, म्हातारी एकटी घरात, अंधारात पाय जाऊन पडंल. आल्यावर उकरू म्हणला." मग रामप्रसादकडं वळून म्हणाल्या, "तुझं काम झालं का रं लेकरा? सुग्रीव म्हणत हुता, लई चुका हुत्या, तू लई राबला."

"झालं मावशी. एकबी चूक राहिली न्हाई."

"चांगलं झालं की मंग," कडूबाई म्हणाल्या, आणि त्यांना खरोखर बरं वाटलेलं दिसलं.

रामप्रसादनं मोबाइल काढला. म्हणाला, मावशी, मागं बोलला होतात तसं परत बोला. खळीचं सांगा, धागा जाळून दाखवा. मी परत लावतो.

कडूबाईंनी पदर सारखा केला. मला वाटलं बोलायला बसतायत. पण त्या कोकराकडंच बघत राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "नगं बाबा. मागल्या टायमाला बोलले तर माझ्या बोलण्यापायी तुमचं समदं खाली गेलतं म्हणं. सुग्रीवनं सांगितलं मला. मी आडाणी, बोलून गेले काय तरी. सुनंचं आन् लेकराचं नशीब हुतं ते गेलं. आता परत नगं."

रामप्रसादनं मोबाइल खाली घेतला. "न्हाई मावशी," तो म्हणाला, "तुमची चूक नव्हती. लोक तुमच्यासाठीच येत होते. चूक माझी होती."

"असं म्हणतोस ते तुझा चांगुलपणा हाय," त्या म्हणाल्या. त्यानं परत सांगितलं, मीही सांगितलं, शपथ घेतली. त्या समजूत घालणाऱ्या माणसाकडं बघावं तसं मायेनं आमच्याकडं बघत होत्या. शेवटी कोकराला खाली ठेवून चुलीकडं गेल्या आणि म्हणाल्या, चहा टाकते, बिनदुधाचा चालंल का?

चहा पिऊन आम्ही निघालो. अर्ध्या रस्त्यात रामप्रसादनं माझ्या खांद्याला हात लावून गाडी थांबवायला सांगितली. शेजारच्या रानात ऊसतोड चालू होती. एक बाई वाकून कांड्यावरचं पाचट सपासप सोलत होती, पाचट एका बाजूला पडत होतं आणि ऊस एका बाजूला. रामप्रसाद उतरून बांधावर उभा राहिला आणि बराच वेळ बघत राहिला. त्याचे डोळे भरलेले होते आणि त्यानं ते पुसले नाहीत.

"शिवशंकरभाऊ," तो म्हणाला, "माझ्या आईनं पाचट काढताना ऊस कधी फेकून दिला न्हाई."

मी गाडीला किक मारली आणि तो मागं बसेपर्यंत थांबलो.